नेमबाजी क्लबात जायचंय, वय ४३. सोलापुरात मोठ्यांना कोणी घेतं का?

उन्हाळी_पाऊस
नमस्कार मंडळी. मी जुळे सोलापूरला राहते, बँकेत नोकरी. कॉलेजात एनसीसीला होते तेव्हा पॉइंट टू टू रायफलीनं लेटून फायरिंग केलेलं, ग्रुपिंग चांगलं आलं, म्हणजे गोळ्या जवळजवळ लागल्या, म्हणून सुभेदार साहेबांनी पाठ थोपटली होती, तेव्हापासून हे डोक्यातून गेलेलंच नाही. मग लग्न, मुलं, बदल्या. आता मुलं त्यांच्या त्यांच्या मार्गाला लागली आणि मला दहा मीटर एअर, म्हणजे हवेच्या दाबावर छर्रा मारायची पिस्तूल-रायफल, नीट शिकायचंय. दोन ठिकाणी फोन केला, दोन्हीकडे पहिला प्रश्न "मुलाचं वय काय?" मी म्हटलं मुलगा नाही, मीच येणारे. तर पलीकडून "अच्छा... या, बघू."

मला विचारायचंय की मोठ्या माणसाला खरंच शिकवतात का, की फी घेऊन कोपऱ्यातली लेन देतात आणि विसरतात? पिस्तूल घ्यावं की रायफल? आणि मेडल नकोय मला, पण नुसतं जाऊन छर्रे मारून घरी यायचं असंही नकोय. चार माणसं ओळखीची व्हावीत, आपण नाही गेलो तर कुणीतरी विचारावं, असं क्लबात होतं का? अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

कडकभाकरी
बिनधास्त जावा मॅडम. विचार करत बसलात तर ५३ होतील.

पत्रातालीमकर
मी स्पष्ट लिहितो, राग मानू नका. मी दुसऱ्या शहरात नोकरीला असताना एका क्लबात वर्षाची फी भरून होतो. संध्याकाळी ऑफिस सुटून जावं तर सगळ्या लेनवर स्टेटची तयारी करणारी पोरं, आम्हाला "सर दहा मिनिटं थांबा" म्हणायचे आणि ती दहा मिनिटं काही संपायची नाहीत. कोच पोरांच्या मागं उभा, आमच्याकडं येऊन "छान छान" म्हणायचा आणि जायचा. ग्रिप चुकीची धरलेली किती महिने कुणी सांगितलीच नाही, मनगट धरलं तेव्हा कळलं. छोट्या क्लबांना बोर्डावर पोरांचे फोटो हवे असतात, त्यातनं नवीन ॲडमिशन मिळतात. मोठ्या माणसाची फी हवी असते, माणूस नको असतो. सोलापुरात वेगळं असेल तर आनंदच आहे.

हुतात्माची_आई
पत्रातालीमकर, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच, पण सगळीकडे तसं नाही हो. माझी लेक रायफल मारते, मी गेली काही वर्षं रेंजच्या बाकावर बसून असते आणि स्पर्धा बालेवाडीला असली की पहाटेची हुतात्मा एक्स्प्रेस पकडून पुण्याला जाते, म्हणून हे नाव. आमच्या क्लबात एक निवृत्त शिक्षक आहेत, साठीच्या पुढचे. स्वतः एअर पिस्तूल मारतात. पण त्यांच्याशिवाय क्लब चालत नाही म्हटलं तरी चालेल. कागदी टार्गेटचा स्कोअर ते काढतात, छर्रा रेषेला शिवला की नाही यावर पोरं भांडायला लागली की काका गेज घालून बघतात आणि ते म्हणतील तो निकाल. नवीन पोराला पहिल्या दिवशी टार्गेट लावायला तेच शिकवतात. एकदा ते आजारी पडले तर अख्खी रेंज दवाखान्यात भेटायला गेली होती, नर्स ओरडली एवढी गर्दी कशाला म्हणून.

त्यांना ते स्थान कुणी दिलेलं नाही, कामं करत गेले आणि झालं. मॅडम, तुम्ही बँकेत आहात म्हणजे हिशोब पक्का. जिल्हा स्पर्धेच्या वेळी एंट्र्या, पावत्या, डीटेल (कुणाची फेरी कधी ते) लावणं हे सगळं कुणी करेना असं असतं. "मी बघते" म्हणा, बघा कसे धरून ठेवतात तुम्हाला.

सोरेगावकाका
राज्य राखीव पोलीस दलातनं रिटायर झालोय, आयुष्य हत्यारासोबत गेलं. मॅडम, क्लबात पहिल्या दिवशी फी विचारू नका. अर्धा तास गप उभं राहून बघा. पोरं लेनवरून मागं वळताना नळी कुठं असते? सेफ्टी फ्लॅग, म्हणजे नळीत घालायची ती भगवी-पिवळी दोरी, वापरतात का? टार्गेट बदलायला माणूस पुढं गेला की बाकीच्यांचे हात हत्यारावरून निघतात का? "स्टॉप" म्हटलं की खरंच सगळे थांबतात का, का एखादा "शेवटचा एक" म्हणून मारतोच?

कोच जर पोरांचे एकमेकांवर नळी रोखून फोटो काढू देत असेल तर तिथनं चप्पल घालून घरी या. एअर आहे, खेळणं आहे असं म्हणणाऱ्याच्या तर जवळ थांबूच नका. एअरच्या छर्ऱ्यानं डोळा जातो, मी बघितलाय.

आणि एक, ज्या रेंजवर तुम्हाला पहिल्याच दिवशी कुणी रागावून "बोट बाहेर!" (घोड्यावरून) म्हणेल, ती रेंज चांगली.

शेंगाचटणी
काका १ नंबर 👏 बाकी माझा वेगळाच प्रश्न, क्लब कशाला, ऑनलाइन एअर पिस्तूल मागवून गच्चीवर मारलं तर? लायसन लागत नाही म्हणतात.

रेंजवरचा_मास्तर
का बे, गच्चीवर? शेजारणीच्या पापडावर नेम बसला म्हणजे? 😀 वकील येऊ दे आधी, मग मी लिहितो.

वकील_होटगीरोड
आलो. आर्म्स रूल्स २०१६ प्रमाणे एअर वेपनची मझल एनर्जी, म्हणजे छर्रा नळीतून सुटतानाची ऊर्जा, २० ज्यूलच्या आत आणि बोअर, म्हणजे नळीचं भोक, पॉइंट वन सेव्हन सेव्हन, म्हणजे ४.५ मिमीपर्यंत असेल तर लायसन लागत नाही. स्पर्धेच्या दहा मीटर रायफली साधारण आठेक ज्यूलच्या असतात म्हणजे खूपच आत. दुकानदार ओळखपत्र घेऊन नोंद ठेवतो, ते द्यायचं, पावती जपून ठेवायची. या मर्यादेच्या पुढं गेलं की मात्र लायसन. पॉइंट टू टू हे बंदुकीतच येतं, त्याला लायसन लागतंच, शहरात पोलीस आयुक्तालय आणि ग्रामीणला जिल्हाधिकारी कार्यालय.

पण लायसन लागत नाही म्हणजे कुठंही मारता येतं असं अजिबात नाही. गच्चीवरून छर्रा बाहेर गेला, कुणाला लागला, तर दुसऱ्याचा जीव धोक्यात घातल्याचा गुन्हा वेगळा लागतो आणि तेव्हा "माझ्या पिस्तुलाला लायसन नको" हे कुणी ऐकत नाही. घरात मारायचंच तर बंद खोली, मागं पक्की आडोशाची व्यवस्था, आणि मधे दार उघडणार नाही याची खात्री. एवढं करण्यापेक्षा क्लबात जा.

नान्नजचा_माळढोक
विषय निघालाच आहे तर लिहितो. आमच्या भागात शेतावर एअरगन घेऊन होले, तितर, मोर यांच्या मागं फिरणारी पोरं आहेत आणि विचारलं की म्हणतात "नेमबाजीची प्रॅक्टिस करायलोय." ही नेमबाजी नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे हा, आणि इथं तर नान्नजला माळढोक अभयारण्य आहे, आधीच ते पक्षी दिसेनासे झालेत. क्लबवाल्यांनी हे सभासदांना पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं पाहिजे, असं कुणी करताना सापडला तर सभासदत्व रद्द.

रेंजवरचा_मास्तर
माळढोक, शंभर टक्के. आमच्याकडे फॉर्मवर लिहून घेतो ते.

आता मॅडमच्या पिस्तूल-रायफल प्रश्नाकडे. मी शिकवतो, त्यामुळं थोडं मोठं होईल.

चाळिशीनंतर पहिला विषय डोळे. पिस्तुलात नजर टार्गेटवर ठेवायची नसते, पुढच्या साइटवर, म्हणजे नळीच्या टोकाच्या नेम धरायच्या खुणेवर, ठेवायची असते. साइट कडक स्पष्ट, टार्गेटचा काळा गोळा धूसर. चाळिशीत जवळचं धूसर व्हायला लागतं आणि नेमकी हाताच्या अंतरावरची साइट हातची जाते. म्हणून डोळ्याच्या डॉक्टरांना सांगायचं की मला हात सरळ केल्यावर जेवढं अंतर होतं तिथं स्पष्ट दिसायला हवंय, तेवढ्या नंबरची एकेरी काच द्या. बायफोकल, प्रोग्रेसिव्ह घालून पिस्तूल मारू नका, मान जरा हलली की नंबर बदलतो. रायफलीत मागं बारीक भोकाची पीप साइट असते, त्या भोकामुळं जवळचं-लांबचं दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतं, त्यामुळं वाढत्या वयाच्या डोळ्यांना रायफल सोपी.

पण रायफल अंगाला जड. नियमात साडेपाच किलोपर्यंत चालते, ती उभं राहून, कंबर मागं झुकवून धरायची. पाठीचा त्रास असेल तर आधी विचार करा. वर कॅनव्हास-लेदरचं जॅकेट, पँट, बूट, ग्लोव्ह, हे सगळं मापाचं लागतं आणि खर्चिक आहे. पिस्तुलाला यातलं काही नको. किलोभर वजन, एका हातानं, दुसरा हात खिशात. खांदा आणि मनगट हळूहळू तयार होतं.

स्पर्धेत ६० शॉट, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ७५ मिनिटं. रायफलीचं दहाचं वर्तुळ म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका, पिस्तुलाचं साडेअकरा मिलिमीटर. ऐकून पिस्तूल सोपं वाटतं, तसं नाही, एका हातावर किलोभर वजन आहे हे विसरू नका.

पहिले काही आठवडे काहीही विकत घेऊ नका. क्लबच्या हत्यारावर दोन्ही मारून बघा. छर्रा न घालता ड्राय फायर भरपूर करा. घोडा दाबला गेल्यावरसुद्धा साइट जागेवर राहिली का, हे ड्रायमधे जेवढं कळतं तेवढं छर्रा मारून कळत नाही, कारण छर्रा मारला की आपण लगेच भोक बघायला जातो.

उन्हाळी_पाऊस
मास्तर, एवढं कुणी फोनवर सांगितलं नव्हतं. खूप आभारी आहे. माझा चष्मा प्रोग्रेसिव्हच आहे, म्हणजे डॉक्टरकडे जायचं आलं. जॅकेटचं वाचून मात्र घाम फुटला, एप्रिल-मेमधे इथं ४३ पर्यंत जातं.

कडकभाकरी
मेमधे सोलापुरात रायफल जॅकेट घालून उभं राहणाऱ्याला स्कोअर न बघता सुवर्ण द्या 😂

हुतात्माची_आई
हसू नका, आमची पोरं खरंच घालतात. पत्र्याचं शेड, दोन कूलर. सकाळी सहाला सराव सुरू करून ऊन चढायच्या आत संपवतात. मधे लाइट गेली की इलेक्ट्रॉनिक टार्गेट बंद, मग कागद लावायचा आणि हातानं दोरी ओढून आणायचा. त्यामुळं मॅडम, संध्याकाळपेक्षा सकाळी जावा. पत्रातालीमकरांचा लेनचा प्रश्नही सकाळी कमी असतो.

सिद्धेश्वर_एक्स्प्रेस
जरा वेगळा मुद्दा. कोल्हापूरनं तेजस्विनी सावंत दिली, २०१० ला म्युनिकमधे वर्ल्ड चॅम्पियन. राही सरनोबत, २०१८ एशियाडचं सुवर्ण. आता ऑलिंपिक पदकवाला स्वप्नील कुसाळे, राधानगरीकडच्या कांबळवाडीचा. सोलापूरला काय कमी आहे? आपल्याकडं एवढी पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, एनसीसी आहे, राखीव दल आहे. मग नेमबाज का नाहीत?

रेंजवरचा_मास्तर
एकामागून एक पिढी रेंजवर येत राहिली की असं होतं. तेजस्विनीताईंना बघून पुढच्या मुली आल्या. आणि स्वप्नीलचं नीट बघा, तो गावातनं सरळ पॅरिसला गेला नाही, शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला, नंतर रेल्वेत नोकरी लागली, दीपाली देशपांडेंसारख्या स्वतः ऑलिंपिक खेळलेल्या कोच मिळाल्या. २०२४ च्या पदकामागं किती वर्षं आणि किती माणसं आहेत. (पॅरिस म्हणतो आपण, पण शूटिंग झालं शातोरूला, पॅरिसपासून बरंच लांब.) महाराष्ट्राला खाशाबा जाधवांनंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली.

सोलापुरात पोरं आहेत, दहावीला सोडतात. नववीत चांगला स्कोअर मारणारं पोरगं दहावीच्या जूनमधे गायब. ते परत येतं का, हे क्लबात त्याची वाट बघणारं कुणी आहे का त्यावर ठरतं. म्हणून मला मोठी माणसं क्लबात हवीच असतात. पोरं येतात-जातात, मोठी टिकतात.

सोरेगावकाका
आणि भरतीच्या पोरांना धावण्यातनं वेळ मिळत नाही हेही आहे.

शेंगाचटणी
बरं गच्ची रद्द. पण सेकंडहँड पिस्तूल एकजण द्यायलाय, फॉरेनचं आहे म्हणे, घेऊ का?

रेंजवरचा_मास्तर
सिलिंडरवरची तारीख बघ. हवेच्या सिलिंडरचं आयुष्य बनवल्यापासून १० वर्षं धरतात, स्पर्धेत इक्विपमेंट कंट्रोलला (साहित्य तपासणीला) तारीख बघून बाहेर काढतात. २०० बारचा दाब असतो त्यात, जुना सिलिंडर वापरायचा धोका घ्यायचाच नाही. नवा सिलिंडर टाकायचा खर्च धरून भाव कर. आणि ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ, तुझ्या हाताची आहे का ते बघ, दुसऱ्याच्या हाताला घासलेली ग्रिप तुला बसेलच असं नाही.

अशोकचौकअण्णा
धागा उशिरा बघितला. मॅडमच्या तिसऱ्या प्रश्नावर लिहायचंय, क्लबातलं होण्याबद्दल.

मी पन्नाशीत सुरू केलं. आमचं घर पिढ्यान् पिढ्या मागावरचं, घरात तेलुगू, बाहेर मराठी, कारखान्यात पॉवरलूमचा दिवसभर खडखडाट. डॉक्टर म्हणाले बीपी आहे, काहीतरी शांत करा. एक मित्र रेंजवर घेऊन गेला. तिथं पंधरा माणसं होती आणि फक्त "टप्प, टप्प" आवाज. कुणी बोलत नव्हतं. मला वाटलं ही माणसं आखडू आहेत. बरेच दिवस मी जायचो, मारायचो, यायचो, कुणी नाव विचारलं नाही. सोडायच्या बेतात होतो.

मग एकदा टार्गेटची दोरी सारखी अडकायला लागली. आमचं आयुष्य धागे आणि कप्प्या दुरुस्त करण्यातच गेलंय, मी न विचारता कप्पी उघडली, साफ केली, तेल घातलं, शेजारच्या दोन लेनच्याही केल्या. दुसऱ्या दिवशी एक पंधरा वर्षांची मुलगी आली, "अण्णा, माझी पण लेन बघता का." त्या दिवसापासून मी अण्णा. तिच्या आधी क्लबात मला कुणी हाकच मारली नव्हती.

हुतात्माच्या आई म्हणतात ते बरोबर, पण माझं थोडं वेगळं म्हणणं आहे. काम केलं म्हणून जागा मिळते हे खरं, मात्र नव्या माणसानं सगळं आपण होऊन करावं आणि क्लबानं नुसतं बघत बसावं हे बरोबर नाही. मी दोरीचं काम येणारा होतो म्हणून टिकलो. लाजाळू माणसानं काय करायचं? पत्रातालीमकर फी भरून उभे राहिले, त्यांची ग्रिप बघणं हे क्लबाचं काम होतं. आता आमच्याकडं मी एक पद्धत पाडलीय, नवा माणूस आला, सात वर्षांचा असो की सत्तरचा, की जुन्या सभासदांपैकी एकाचं नाव त्याच्यापुढं लिहायचं. पहिला महिना तो जुना त्याच्या शेजारच्या लेनवर. तीन दिवस आला नाही तर फोन त्यानं करायचा. शांतता ठेवायची ती फायरिंग चालू असताना, नंतर चहाला बोलायचंच.

आणि मॅडम, हा खेळ आपल्या माणसांचाच आहे. देशाची रायफल संघटना १९५१ ला सुरू केली ती मावळंकरांनी, लोकसभेचे पहिले सभापती. त्यांच्या नावाची स्पर्धा आजही नवे नेमबाज खेळतात. ४५ च्या पुढच्यांना वेगळा गट असतो. मेडल नको म्हणालात, तरी एकदा जिल्हा स्पर्धेला उभं राहून बघा. पहिल्या दहा शॉटला हात जो थरथरतो, आणि शेजारच्या लेनचं पोरगं मॅच संपल्यावर येऊन विचारतं "काकू कसं गेलं?", त्यानंतर तुम्हाला हा धागा काढावा लागणार नाही.

पत्रातालीमकर
अण्णा, आमच्या क्लबात तुम्ही असता तर मी सोडलं नसतं. तरी मॅडमना सांगतो, फी भरायच्या आधी लेनची वेळ कशी वाटतात, स्पर्धेच्या महिन्यात मोठ्यांना किती वेळ मिळणार हे विचारून घ्या आणि पावतीवर वेळ लिहून घ्या. माणसं चांगली असली तरी नियम कागदावर असावा.

वकील_होटगीरोड
+१. आणि क्लब जिल्हा आणि राज्य संघटनेशी संलग्न आहे का तेही. नसेल तर पुढं स्पर्धेत एंट्री जाताना अडतं.

उन्हाळी_पाऊस
काल सकाळी जाऊन आले. काकांनी सांगितलं तसं अर्धा तास नुसती उभी राहिले. एका मुलानं वळताना नळी जरा तिरकी केली तर कोच एवढे ओरडले की मीच दचकले. मनातल्या मनात काकांना नमस्कार केला. लेनची वेळ लिहून मागितली, थोडी कुरकुर झाली पण दिली, आठवड्यातनं चार सकाळी. संलग्नतेचं पत्र भिंतीवरच लावलेलं होतं. अण्णांची पद्धत त्यांना सांगितली, तर कोच म्हणाले आमच्याकडं असं काही नाही पण कल्पना चांगली आहे, आणि तिथंच अकरावीतल्या एका मुलीला हाक मारून म्हणाले आजपासून या काकू तुझ्या. ती मुलगी लगेच मला हात धुवायला घेऊन गेली. छर्रे शिशाचे असतात, मारून झाल्यावर साबणानं धुतल्याशिवाय खायचं नाही म्हणाली. माझ्या निम्म्याहून कमी वयाची असेल पण बजावणी काकांसारखी.

पिस्तूल घ्यायचं ठरवलंय. एकच अडचण निघाली. त्या मुलीनं दोन्ही हातांनी त्रिकोण करून लांबची खूण बघायला लावली आणि म्हणाली तुमचा जोरातला डोळा (बघताना मेंदू जो आधी धरतो तो) डावा आहे. मी उजव्या हाताची. आता काय करायचं मास्तर?

रेंजवरचा_मास्तर
पोरगी हुशार आहे, तिला सोडू नका. पिस्तुलाला हे फार अडत नाही. उजव्याच हातात धरा, मान थोडी फिरवून डाव्या डोळ्यानं साइट बघा, उजव्या डोळ्यापुढं पांढरी पट्टी लावा, नियमानं ३० मिमी रुंदीपर्यंत चालते. काहीजण उलट करतात, उजवा डोळाच वापरतात आणि डाव्यापुढं पट्टी लावतात. दोन्ही आठवडाभर करून बघा, मान अवघडत नाही ते धरा. रायफल असती तर मी डाव्या खांद्यावर घ्या म्हटलं असतं. डॉक्टरकडे चष्म्याला जाताना कुठला डोळा वापरणार ते ठरवून मगच जा, नंबर त्या डोळ्याचा काढायचाय.

शेंगाचटणी
तो हाताचा त्रिकोण मी पण करून बघितला, माझापण डावा निघाला! आणि मी तर डावखुराच आहे. तो सेकंडहँडवाला म्हणतोय ग्रिप उजव्या हाताची आहे.

हुतात्माची_आई
मग ते पिस्तूल घेऊच नका. आमच्या क्लबाच्या कपाटात एक डावी ग्रिप पडून आहे, मॉडेल कुठलं ते उद्या विचारून सांगते. तोवर शनिवारी सकाळी येऊन क्लबचं पिस्तूल मारून बघा, मी तिथं असतेच. येताना आधार कार्ड आणि एक फोटो घेऊन या.